कॉस्प्ले स्पर्धेचे नियम: पोशाखाला कात्री लावण्याआधी काय काय बघायचं

फॅन कन्व्हेन्शन म्हणजे चाहत्यांचं संमेलन, आणि कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्रासारखा पोशाख करून येणं. अशा संमेलनातल्या पोशाख स्पर्धेत बाद ठरणारे पोशाख बहुतेक वेळा चांगलेच असतात. भाला नियमापेक्षा वीतभर लांब असतो, गाण्याची फाइल ठरलेल्या वेळेपेक्षा दहा सेकंद जास्त चालते, किंवा खांद्यावरचं चिलखत विकत आणलेलं असतं आणि अर्जात ते लिहायचं राहून गेलेलं असतं. कित्येक महिन्यांची मेहनत एका ओळीपाशी अडते. यातलं जवळजवळ सगळं टाळता येतं, पण त्यासाठी नियमपत्रक कापड आणण्याआधी वाचायला हवं. पोशाख उभा राहिल्यावर, अर्जाची मुदत संपत आली असताना वाचलेले नियम फक्त धास्ती वाढवतात. तेव्हा बदल करायला ना वेळ असतो, ना सामान.

पुढचा क्रम त्याच हिशेबानं लावला आहे. आधी नियम, मग पात्राची निवड, आणि कापाकापी त्यानंतर.

नियम आले कुठून

१९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते तिथे भविष्यकाळातले वाटतील असे कपडे घालून आले. दोघांचेही पोशाख डग्लस यांनीच तयार केले होते. पुढच्या वर्षी शिकागोच्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला आणि तिथून ही प्रथा रुजली. स्पर्धा वाढली तसे नियमही वाढले, आणि त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या प्रसंगातून आलेले आहेत. १९७२ च्या लॉस एंजेलिसच्या जागतिक संमेलनात एका स्पर्धकाचा पोशाख मुख्यतः पीनट बटरचा होता. ते इतरांच्या पोशाखांना आणि तिथल्या गाद्या-खुर्च्यांना लागलं, आणि मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं त्याला वास सुटू लागला. त्यानंतर खाद्यपदार्थ आणि चिकट, घाण करणाऱ्या वस्तू पोशाखात वापरायला बंदी आली.

हा किस्सा सांगण्याचं कारण असं की कलमामागचं कारण कळलं की त्या कलमाची हद्दही कळते. ‘खाद्यपदार्थ नकोत’ एवढंच वाचणारा माणूस ओला बॉडी पेंट लावून आणि सुट्टी चमकी उधळत येतो, आणि त्याला अडवल्यावर नवल वाटतं. ‘दुसऱ्याचा पोशाख खराब होईल असं काही नको’ असं वाचणारा रंग सेटिंग पावडरनं किंवा सीलरनं पक्का करून येतो. प्रत्येक कलमाला हा प्रश्न विचारा: हे कोणाला वाचवण्यासाठी लिहिलं आहे?

आधी ठरवा: ही स्पर्धा नेमकी कशाची आहे

एकाच कन्व्हेन्शनमध्ये तीन वेगळ्या जातीच्या स्पर्धा असू शकतात. पहिलीत परीक्षक गर्दीत फिरतात आणि आवडलेल्या पोशाखाला जागेवर बिल्ला किंवा चिठ्ठी देतात. दुसरी कारागिरीची असते. तिथे परीक्षक जवळून शिवण बघतात आणि मंचावर तुम्ही फक्त चालत जाऊन वळून दाखवता. तिसरी सादरीकरणाची, म्हणजे मास्करेड किंवा स्किट. तिथे पोशाखाइतकंच अभिनयाला, संगीताला आणि वेळेच्या भानाला महत्त्व असतं. जपानमधल्या नागोया शहरात २००३ पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरते आणि २००५ पासून तिथे अजिंक्यपदाची स्पर्धा होते. देशोदेशीच्या जोड्या तिथे मंचावर सादरीकरण करतात. अशा स्पर्धेसाठी केलेला पोशाख उडी मारताना, पळताना, झटक्यात बदलताना टिकायला लागतो. कारागिरीच्या स्पर्धेतला पोशाख हातभर अंतरावरून बघितला जातो. एकाच पोशाखात दोन्ही साधतील, पण गुणांची वाटणी बघितल्याशिवाय वेळ कुठे घालवायचा ते कळणार नाही.

नियमपत्रकात गुणांची टक्केवारी दिली असेल तर ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नसेल तर आयोजकांना विचारा. कारागिरीला सत्तर टक्के असतील तर नाटुकल्यासाठी रात्री जागवू नका.

गट आणि पात्रता

इंटरनॅशनल कॉस्च्युमर्स गिल्ड ही संस्था १९८५ मध्ये स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक सूचनांमधली नवशिका, मधला आणि उस्ताद अशी तीन गटांची पद्धत अनेक मास्करेडमध्ये चालते. गट ठरतो तो आधीच्या बक्षिसांवरून. वयाचा किंवा हौसेच्या वर्षांचा त्याच्याशी संबंध नाही. वरच्या गटात स्वखुशीनं उतरता येतं, खालच्या गटात मात्र येता येत नाही. व्यवसायानं शिंपी असलेला किंवा रंगभूमीसाठी कपडे करणारा माणूस नवशिक्यात बसतो का, हे प्रत्येक स्पर्धा वेगळं ठरवते. ही पद्धत मला मनापासून आवडते. पहिल्यांदा मशीनवर बसलेल्या मुलीची तुलना पंधरा वर्षं कवच घडवणाऱ्या माणसाशी होत नाही.

बाकी पात्रतेच्या अटी पटकन तपासून घ्या. किमान वय, अल्पवयीन असल्यास पालकांची सही, कन्व्हेन्शनचं तिकीट वेगळं लागतं का, परीक्षकांशी नातं चालतं का, आणि हा पोशाख आधी कुठे बक्षीस मिळवून आला असल्यास पुन्हा चालतो का. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या लक्षात राहत नाही. मोठ्या स्पर्धेत जिंकलेला पोशाख काही ठिकाणी पुन्हा घेत नाहीत.

‘स्वतः केलेला’ म्हणजे नेमकं किती

सगळ्यात जास्त वाद याच कलमावरून होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

बहुतेक कारागिरीच्या स्पर्धांमध्ये पोशाखाचा मोठा भाग स्पर्धकानं स्वतः केलेला असावा लागतो. कुठे टक्केवारी दिलेली असते, कुठे नुसतं ‘मुख्य भाग’ म्हटलेलं असतं. विग, बूट, मोजे, कॉन्टॅक्ट लेन्स, आतले कपडे विकतचे असले तरी सहसा चालतात, पण त्यांना गुण मिळत नाहीत. विकतच्या जॅकेटला बाह्या बदलल्या, अस्तर घातलं, रंग दिला, तर गुण त्या बदलांना मिळतात, जॅकेटला नाही. दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतलेला पोशाख बहुतेक कारागिरीच्या स्पर्धांत अपात्र असतो. तो घालून मिरवायला कोणाची हरकत नसते, हॉलमध्ये फोटोही निघतात. फक्त कारागिराच्या जागी त्याला उभं करता येत नाही.

थ्रीडी प्रिंटिंगमुळे हे कलम आणखी गुंतागुंतीचं झालं. मॉडेल स्वतः संगणकावर घडवलं, प्रिंट काढला, घासला, जोड बुजवले आणि रंगवला, तर ते सगळं तुमचं काम. फाइल विकत घेतली किंवा उतरवून घेतली असेल तर डिझाइन दुसऱ्याचं आणि घासकाम, जोडकाम, रंगकाम तुमचं. प्रिंटही दुसऱ्याकडून काढून आणला असेल तर तुमच्या वाट्याला आणखी कमी उरतं. शिवणाच्या पॅटर्नचंही असंच आहे: बाजारात मिळणारा पॅटर्न वापरायला हरकत नाही, पण तो वापरल्याचं सांगायचं. परीक्षक स्वतः हीच कामं करणारे असतात. लोकप्रिय फाइलचा आकार ते लांबून ओळखतात.

म्हणून पोशाख करायला घेतल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा. प्रत्येक भागापुढे तो कुठून आला आणि त्यावर कोणी काय केलं, एवढंच लिहायचं. अर्जातला मजकूर मग असा उतरतो:

विग: विकतचा. कापून आकार दिला, मुळं गडद केली.
छातीचं चिलखत: पॅटर्न विकतचा. फोम कापणं, जोडणं, रंगवणं स्वतः.
कमरपट्ट्याचं बकल: फाइल दुसऱ्याची. प्रिंट, घासकाम, रंग स्वतः.
बूट: विकतचे. त्यावरचं फोमचं आवरण स्वतः.
भरतकाम: उजवी बाही मैत्रिणीनं, बाकी स्वतः.

शेवटची ओळ लिहायला लोक कचरतात. लिहा. मदत घेतल्याचं सांगितल्यानं थोडे गुण जातील, पण ते लपवलेलं उघडं पडलं तर सगळाच पोशाख संशयात येतो. आणि त्या मैत्रिणीचे तास तिच्या नावावर लागायला हवेत.

गटानं भाग घेत असाल तर दोन गोष्टी आधीच विचारून ठेवा: करणाऱ्यानं स्वतः पोशाख घालायलाच हवा का, आणि गटातल्या एकानं सगळ्यांचे पोशाख केले असतील तर बक्षीस कोणाच्या नावावर जातं.

शस्त्रं, आकार आणि वजन

प्रॉपचे, म्हणजे पात्राच्या हातातल्या शस्त्रांचे आणि वस्तूंचे नियम दोन ठिकाणी असतात, कन्व्हेन्शनच्या सर्वसाधारण नियमांत आणि स्पर्धेच्या पत्रकात. दोन्ही वाचा. त्यातला जो कडक असेल तो तुम्हाला लागू होतो, कारण स्पर्धेच्या मंचापर्यंत जायला आधी मुख्य दारातून आत यावं लागतं.

खरं धारदार पातं, खरी बंदूक, स्प्रिंगवर किंवा हवेच्या दाबावर काही उडवणारी यंत्रणा, ज्वाला, फटाके, धूर आणि मंचावर सांडणारं पाणी हे जवळपास सगळीकडे बंद असतं. खेळण्यातल्या बंदुकीचं तोंड नारिंगी ठेवायला सांगतात, ते रंगवून टाकू नका. धनुष्य चालतं, पण दोरी ताणून बाण सुटेल अशी नसावी. दारावर तपासणी झाल्याची खूण म्हणून प्रॉपला रंगीत पट्टी किंवा झिप टाय बांधतात. ती फोटोत दिसते म्हणून काढायची नाही. सादरीकरणात म्यानातून तलवार उपसायची असेल तर आयोजकांशी आधीच बोलावं लागतं, आणि मारामारीचा प्रसंग असेल तर तो त्यांना करून दाखवावा लागतो.

लांबीची मर्यादा असो वा नसो, मोठा प्रॉप तुकड्यांत सुटेल असाच करा. आत पीव्हीसी पाइप आणि बाहेर फोम ही रचना हलकी असते आणि आतला जोड स्क्रूनं किंवा चुंबकानं निघतो. आत लोखंडी सळई घालण्याआधी नियम बघा. अनेक ठिकाणी धातूचा गाभाही चालत नाही, कारण हातातून सुटलेली सळई फोममध्ये गुंडाळलेली असली तरी डोक्यात तितक्याच जोरानं बसते.

पंख, घागऱ्याचे घेर, खांद्यावरच्या तोफा यांच्यासाठी चार मापं घ्या: दाराची रुंदी, मंचाच्या पायऱ्या, पडद्यामागची वाट आणि छताची उंची. ही मापं आयोजकांकडे मागितली तर मिळतात, कोणी फारसं मागत नाही इतकंच. पोशाख घालून जिना उतरता येतो का, खाली बघितल्यावर स्वतःचे पाय दिसतात का, कोणाच्या मदतीशिवाय पाच मिनिटांत बाहेर पडता येतं का, हे सगळं घरी करून बघा. मुखवट्यातून समोरचं नीट दिसत नसेल तर मंचाच्या कडेपर्यंत हात धरून नेणारा सोबती लागतो आणि त्याचं नावही अर्जात द्यावं लागतं.

साहित्याबद्दल एक सूचना. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये वापरतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सियसला मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या बंद गाडीत काचेजवळ ठेवलेलं शिरस्त्राण स्पर्धेच्या सकाळी वाकडं झालेलं सापडू शकतं. एलईडीसाठी लिथियम बॅटरी वापरत असाल तर ती अंगाला चिकटून नको, बंद करायचं बटण हाताला लागेल असं हवं, आणि बॅटरी मोकळी न ठेवता डबीत बसवलेली हवी. तपासनीस हमखास हेच बघतो.

काय दाखवायचं, काय नाही

अंग किती झाकलेलं असावं, याचा नियम सहसा कन्व्हेन्शनच्या प्रेक्षकांच्या वयावरून ठरतो. पात्र मुळात जेमतेम कपड्यांत असेल तर त्वचेच्या रंगाचं बॉडीसूट वापरा. मंचावरच्या उजेडात ते चांगलं दिसतं आणि थंड हॉलमध्ये सुखाचंही असतं.

नात्सी चिन्हं आणि द्वेष पसरवणाऱ्या संघटनांची चिन्हं बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, मूळ कथेतल्या खलनायकाच्या दंडावर ती असली तरीही. त्वचेच्या रंगाचं कलमही नीट वाचा. निळ्या परग्रहवासीयासाठी किंवा हिरव्या राक्षसासाठी अंग रंगवायला हरकत नसते. दुसऱ्या वंशाचा माणूस दिसावं म्हणून स्वतःचा वर्ण बदलायला मात्र अनेक स्पर्धांत मनाई आहे. मला ही मनाई योग्य वाटते. पात्र ओळखू येतं ते पोशाखातून, केसांतून, उभं राहण्यातून, आणि कुठल्याही वर्णाच्या माणसाला कुठलंही पात्र करता येतं ते त्यामुळेच. सध्याच्या पोलिसांच्या किंवा सुरक्षारक्षकांच्या गणवेशाशी हुबेहूब जुळणारे कपडेही टाळा. गर्दीत अडचणीच्या वेळी लोक तुमच्याकडे मदत मागायला धावतील.

शंका असेल तर ईमेल करा, चित्र जोडा, आणि उत्तर छापून सोबत न्या. फोनवर कोणी ‘चालेल हो’ म्हटलेलं दारावरच्या माणसाला माहीत नसतं.

अर्जासोबतची कागदपत्रं

मूळ पात्राची संदर्भचित्रं लागतातच. समोरून, मागून, बाजूनं, आणि बारकाव्यांची जवळून घेतलेली. मास्करेडमध्ये पुनर्निर्मितीच्या, म्हणजे आधीच्या पात्रावरून केलेल्या पोशाखाला संदर्भ जोडला नाही तर तो मूळ कल्पनेचा पोशाख म्हणून धरला जाऊ शकतो, आणि मग त्याला मापही दुसरंच लागतं. पात्राची रूपं अनेक असतील तर तुम्ही कुठलं केलं आहे तेच चित्र द्या. परीक्षक समोरच्या चित्राशीच ताडून बघतात.

कामाची वही, म्हणजे कृतीचे फोटो आणि टिपा, हा वेगळा विषय आहे. पानांची मर्यादा दिली असेल तर पाळा. प्रत्येक पानावर एकच तंत्र ठेवा: कच्चा फोम, तापवून वळवलेला फोम, सीलर, पहिला थर, शेवटचा थर. फसलेला प्रयत्न आणि नंतर तो कसा जमला, हे दोन फोटो शेजारी असतील तर परीक्षक थांबून बघतात. फोटो काम करतानाच काढा. तयार चिलखत पुन्हा उघडून आतली बाजू दाखवता येत नाही.

प्री-जजिंगची पाच मिनिटं

मंचाआधी परीक्षकांसमोर बंद खोलीत जायचं असतं. वेळ अगदी मोजकी मिळते, अनेकदा पाच मिनिटांच्या आसपास, आणि ती संपली की घंटा वाजते. बहुतेक जण इथे पात्राची गोष्ट सांगत बसतात. परीक्षकांना ती गोष्ट एकतर माहीत असते किंवा त्यांना तिची गरज नसते. त्यांना हवं असतं ते हे: काय अवघड होतं, ते कसं सोडवलं, आणि हात लावून कुठे बघायचं.

तीन गोष्टी निवडा, जास्त नकोत. ‘या अंगरख्याचं अस्तर पूर्ण हातानं तुरपलं आहे, कारण मशीनची टीप बाहेरून दिसत होती.’ हे म्हणताना काठ उलटून दाखवा. ‘या तुकड्याला शिवण नाही, तीन थर एकत्र तापवून वळवले आहेत.’ परीक्षक स्वतःहून पोशाख उलटत नाहीत, ती वाट तुम्हीच उघडून द्यायची असते. कुठे धागा निघाला असेल, गोंद दिसत असेल, तर तो लपवायला वेळ घालवू नका. विचारलं तर सांगा आणि पुढे जा.

मास्करेडमध्ये कारागिरीचं परीक्षण अनेकदा ऐच्छिक असतं, आणि पोशाखाच्या एखाद्याच भागाचं परीक्षण करून घ्यायची मुभाही काही ठिकाणी असते. संपूर्ण पोशाख साधा पण मुकुटावरचं मणीकाम अप्रतिम असेल, तर फक्त मुकुट पुढे करा. ही सोय माहीत नसल्यामुळे कितीतरी सुंदर तुकडे बघायचेच राहून जातात. मंचावरचे परीक्षक वेगळे असतील तर ते फक्त खुर्चीतून दिसेल तेवढंच मोजतात. तिथे लांबून वाचता येणारा आकार आणि रंगांचा विरोध कामाला येतो, बारीक टाके नाही.

मंचावर

एकट्याला साधारण मिनिट-दीड मिनिट मिळतं, गटाला थोडं जास्त. संगीत आणि संवाद आधी ध्वनिमुद्रित करून एकाच फाइलमध्ये द्यायचे, कारण मुखवट्यातून माइकवर बोललेलं ऐकू जात नाही. फाइलच्या नावात प्रवेश क्रमांक, पात्र आणि वेळ घाला. मर्यादेपेक्षा पाच सेकंद कमीच ठेवा, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर खिशात असू द्या. सूत्रसंचालकाला द्यायचा मजकूर दोन ओळींचा असावा. परदेशी नावांचा उच्चार देवनागरीत फोडून लिहिला तर तुमचंच नाव चुकणार नाही.

पोशाख घालून, त्याच बुटांत, फरशीवर खडूनं मंचाचा चौकोन आखून सराव करा. कडेच्या खुणा कुठे असतील हे आयोजक आधी सांगतात. दिव्यांचे आणि पडद्याचे इशारे मागता येतात, पण ते अर्जात लिहिलेले असायला हवेत. तालमीच्या वेळी नवीन कल्पना सांगितली तर तंत्रज्ञ नाही म्हणतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

स्पर्धेच्या दिवशी

हजेरीची वेळ आणि स्पर्धेची वेळ यांत तासन् तास जातात. पाणी प्या, स्ट्रॉ ठेवा, चिलखताखाली सुती कपडे घाला. दुरुस्तीच्या पेटीत सेफ्टी पिना, सुई-दोरा, झिप टाय, ग्लू गन, दुहेरी टेप आणि कात्री एवढं असलं तर बहुतेक संकटं निभावतात. ग्लू गनला वीज लागते, म्हणून जोडीला झटपट गोंदाची छोटी बाटलीही घ्या.

पोशाखातल्या माणसाला न विचारता हात लावायचा नाही, फोटो विचारून काढायचा, हा नियम बघणाऱ्यांसाठी आहे आणि तुमच्यासाठीही. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉननं ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ असे फलक ठळकपणे लावले आणि तशी वागणूक नियमात बसत नाही हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं. त्रास झाला तर स्पर्धा अडेल म्हणून गप्प राहू नका. स्वयंसेवकाला सांगा, स्पर्धेतली तुमची पाळी थोडी उशिरा ठेवायला सांगता येतं.

निकालानंतर

आक्षेप घ्यायचा असेल तर त्याची मुदत आणि पद्धत पत्रकात असते. तो लेखी द्या, आणि ‘मला कमी गुण दिले’ असं न लिहिता कुठलं कलम मोडलं गेलं ते लिहा. परीक्षकांचा शेरा मागायला मात्र मुदत नसते आणि बहुतेक जण तो आनंदानं देतात. कुठे गुण गेले ते सरळ विचारा, वाद न घालता लिहून घ्या.

बक्षीस मिळालं तर त्यासोबतच्या अटी वाचा. फोटो प्रसिद्धीसाठी वापरण्याची परवानगी, पुढच्या फेरीला हजर राहण्याची हमी, प्रवासखर्च कोणाचा. ज्या गटात (नवशिका, मधला की उस्ताद) जिंकलात त्याचं नाव, स्पर्धेचं नाव आणि वर्ष त्याच तक्त्याखाली नोंदवून ठेवा. पुढच्या अर्जात तुमचा गट त्यावरूनच ठरेल.